तुझी बायको काय वाचते

३ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण आज पेन तिकडे वळत नाही. दीड वर्ष तू माझ्याशी बोलला नाहीस. तुझ्या बायकोला प्रयोगशाळेतली नोकरी सोडायला लावलीस तेव्हा मी तुला चार शब्द सुनावले, तेवढ्यावरून तू माझं नाव टाकलंस. आणि आता तुझी चिठ्ठी आली ती अशी: 'माझी बायको तुझ्या वाचनालयातून घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते आणि तू ते तिला देतेस. आणखी काय काय नेते ते सगळं कळव.' बहीण जिवंत आहे का, गुडघे कसे आहेत, एक अक्षर नाही.

फोन केला असता, पण फोन तू मध्येच तोडतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तर ऐक. मी काही कळवणार नाही. ते पुस्तक तिनं नेलं असं मी म्हणत नाही, नेलं नाही असंही म्हणत नाही. उद्या तू विचारशील की ती निदान वाचनालयात येते का, तर त्यालाही मी गप्प बसेन. अरे, मी या काउंटरवर बसून केस पिकवलेत. गावात कोणाला कसला आजार आहे, कोणाचा मुलगा दारू पितो, कोणाला या वयात दुसरं लग्न करावंसं वाटतंय, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. कारण माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी पुस्तकाकडे येतो. यातलं काही मी कधी आईलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि आई काय चिकाटीनं विचारते ते तुला ठाऊक आहे.

माझी काम करायची रीत सांगते, म्हणजे तुला कळेल की मी हे किती मनावर घेते. आजारपणाची, कायद्याची, व्यसन सोडायची, नोकरीच्या परीक्षांची, अशी पुस्तकं कोणी मागितली की मी त्यांना खाकी कागदाचं कव्हर घालून देते. रस्त्यात, बसमध्ये, घरात कोणाच्या नजरेला नाव पडू नये म्हणून. कादंबऱ्या, स्वयंपाक, बागकाम, ती पुस्तकं उघडीच जातात. ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

मग तुला सांगितलं कोणी? हा प्रश्न मला खातोय. तू कुठल्या कुठे डोंगरात बोगद्याच्या साइटवर, आणि इथे काउंटरवर काय होतं ते तुला पुस्तकाच्या नावासकट कळतं. माझा संशय आहे तो आमच्या छापखान्यावर. हे एका निवृत्त मास्तरांचं टोपणनाव आहे. त्यांच्या कानात सकाळी गेलेलं दुपारपर्यंत गावभर छापून आलेलं असतं. त्यांची खुर्ची माझ्या काउंटरला खेटून. पेपर तोंडासमोर असतो, पण पान उलटताना मी त्यांना क्वचितच बघितलंय.

तू लिहितोस की फेब्रुवारीत सुट्टीवर येशील आणि तिला साइटवर घेऊन जाशील, म्हणजे तिचं वाचनाचं खूळ जाईल. तिथे पत्र्याच्या खोल्या आणि धूळ याशिवाय काही नाही असं तूच आईला सांगतोस. बायकोला न्यायला चांगली जागा शोधलीस.

ताई


२१ ऑक्टोबर

धाकट्या,

छापखान्याची मी माफी मागितली. चुकून माणसावर आळ घेतला.

झालं असं की मी त्यांची खुर्ची उचलून लांब खिडकीशी नेऊन ठेवली. ते आले, जुन्या जागी खुर्ची नाही बघून उभेच राहिले. मी म्हटलं, "मास्तर, तिकडे उजेड चांगला आहे." तर म्हणाले, "बाई, मला उजेड नको होता. तुमच्याकडच्या बाजूचा माझा कान गेलाय. तिथे बसलं की कोणाचा त्रास होत नाही, म्हणून बसायचो." मी खुर्ची परत आणून ठेवली. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

गुन्हेगार वेगळाच निघाला. आमचे साहेब, म्हणजे वाचनालयाचे प्रमुख. आणि त्यांना गुन्हा करायला लावणारा तू.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं. तर माणूस इतक्या भोळेपणानं बोलला की मला आधी रागच येईना.

"हो, तुमच्या भावाचं पत्र आलं होतं. कुटुंबाचं सभासदत्व त्यांच्या नावावर आहे. माझ्या नावावर काय काय पुस्तकं गेली ते कळवा म्हणाले. कॉम्प्युटरवरून छापून पाठवलं. त्यात काय झालं?"

"साहेब, भाऊ दोन वर्षं गावात नाही. पुस्तकं नेली कोणी?"

"घरातल्यांनीच ना."

"मग घरातल्यांना विचारलंत का, की तुम्ही काय वाचता ते याला सांगू का म्हणून?"

"नवरा आहे तो, बाई."

"साहेब, उद्या तुमच्या घरून कोणी येऊन मला विचारलं की साहेब काय नेतात, तर मी छापून देऊ?"

साहेब स्वतः काय नेतात ते मला ठाऊक आहे, आणि ते मी तुला सांगणार नाही. पण त्यांना ते त्या क्षणी आठवलं असावं, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. चहा मागवला. माझ्यासाठीही मागवला, जे ते कधी करत नाहीत.

मग मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं. हा बाहेरच्या कंपनीचा माणूस, मोघम बोलणारा, कायम घाईत. मी विचारलं की परत आलेल्या पुस्तकाची नोंद राहतेच कशी? माणसानं पुस्तक आणून दिलं, हिशेब मिटला. त्यानं पडद्यावर एक बारीक चौकोन दाखवला. परत आलेल्या पुस्तकांची आठवण ठेवायची का, असा तो चौकोन. त्यात टिक होती.

"ही कोणी केली?"

"कोणीच नाही. ती अशीच येते."

"मग काढा."

"बाई, सगळ्यांचं जाईल. मागचं सगळं."

"जाऊ दे."

"परत मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"तेच हवंय मला."

त्यानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी चहाच्या कपात बघितलं, आणि झालं. आता आमच्या कॉम्प्युटरला फक्त एवढंच कळतं की कोणतं पुस्तक सध्या बाहेर आहे. ते परत आलं की तो विसरतो. शिवाय कुटुंबाची कार्डं बंद करून ज्याचं त्याला कार्ड दिलं. तुझ्या बायकोचं कार्ड आता तिच्या नावावर आहे. तुझंही देते, हवं असेल तर. वाचायची सवय लागली तर चांगलंच आहे.

आता लिही साहेबांना हवं तितकं.

ताई


१४ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 'तुझा कॉम्प्युटर पुसून काय मिळवलंस? आता ती प्रयोगशाळेच्या परवान्याची परीक्षा द्यायच्या तयारीत आहे. पुस्तक लाल पाठीचं आहे, जाडजूड आहे. आईला सांगून ते मी पाण्यात टाकायला लावलं.'

पुस्तक माझ्याकडे परत आलं ते फुगून दुप्पट झालेलं. आणणारीनं सांगितलं की मोरीत पडलं. मी काही विचारलं नाही. पानं एकमेकांना चिकटलीत, मधली काही तर सुटी करताना हातात आली. पुस्तकाचं जाऊ दे. आणणारीचा चेहरा बघवत नव्हता.

आईचा मला राग आला, पण तिला दोष तरी किती देऊ? तू सांगतोस आणि ती करते. तुझा रविवारचा फोन म्हणजे तिच्या आठवड्याचा सण. आई काही पुस्तकं चाळत बसणारी नाही, चष्मा लावूनही तिला दुकानाची पाटी वाचायला वेळ लागतो. तेव्हा नाव फुटलं ते इथूनच. पण कुठून? साहेब आता माझ्याशी इतक्या जपून बोलतात की त्यांच्यावर संशय घ्यायला जीव धजत नाही. मग उरला कॉम्प्युटरवाला. म्हटलं, यानं मागच्या बाजूनं एखादी खिडकी उघडी ठेवली असेल. कंपनीत बसून बघत असेल आणि तू त्याला गाठलं असशील.

त्याला पुन्हा बोलावलं आणि समोर बसवलं. एकेक गोष्ट उलगडून दाखवायला लावली. त्याच्या फोनवर कोणाचे फोन येतात ते मी कान देऊन ऐकलं. तो पाणी प्यायला गेला तेव्हा त्याची पिशवी उघडी होती, आणि मी आत डोकावले. डबा होता, चार्जर होता. मागे वळून बघते तर तो दारात उभा.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला लोकांचं गुपित राखायचंय ना? मग माझ्या पिशवीत काय बघता?"

लाज वाटली रे. जमीन दुभंगावी असं वाटलं. तेव्हापासून मी स्वतःलाच बघतेय. कोण काय नेतं यावर लक्ष नाही ठेवायचं म्हणता म्हणता मी वाचकांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले. हा तुझा खबऱ्या असेल का? ही तुझी असेल का? एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "आज माझा चेहरा बिघडलाय का, बाई?" तुझ्या एका पत्रानं माझं काउंटर पोलिसचौकी झालंय.

ती आता येत नाही. हे मी तुला सांगतेय कारण ते तुला आधीच ठाऊक असणार.

परीक्षा द्यावीशी वाटणं यात असं काय आहे, की बोगद्याच्या तोंडाशी बसलेला माणूस घाबरावा?

ताई


२ डिसेंबर

धाकट्या,

रविवारी आईकडे गेले होते. बरी आहे. तिचा गुडघा तसाच. चहा प्यायले, थोडा वेळ बसले, परत आले.

कोणी सांगितलं त्याचा शोध मी सोडून दिला. मीच फार मनाला लावून घेतलं होतं. शेवटी नवराबायकोचं तुमचं तुम्ही बघा. मी काउंटरवर बसावं, पुस्तकं द्यावीत, घ्यावीत, एवढंच माझं काम.

तुझी बायको पुन्हा वाचनालयात येऊ लागलीय म्हणून तू मला विचारतोस. येते. हे सांगायला हरकत नाही, कारण रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसतं.

थंडीत साइटवर अंगभर कपडे घालत जा.

ताई


८ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं मला खरोखर ठाऊक नाहीत. तुझ्या बायकोला ससे पाळायचेत का, हे मी कसं सांगू? पाळत असेल. ससा निरुपद्रवी प्राणी आहे, कोणाला चावत नाही.

मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल तू एवढा का घाबरलास तेही कळलं नाही. तू लिहितोस की ती गुपचूप स्वतःचा धंदा काढायच्या बेतात आहे. असेलही. घराच्या गच्चीवर एवढ्या पेट्या बसतील का, हे तू मोजून बघ, कारण गच्ची तुझ्या नावावर आहे.

लाकडी होड्या बांधायच्या पुस्तकावर तू अख्खं पान खर्च केलंस. 'आपल्या गावात नदी नाही, तळं नाही, मग ही होडी घेऊन कुठे जाणार आहे?' अरे, मलाही हाच प्रश्न पडला. पण वाचकाला का वाचतोस म्हणून विचारायचं नाही, हा आमचा नियम.

एकच सांगते. जो माणूस बायको काय वाचते ते शोधत बसतो, त्याला शेवटी होडीसुद्धा घाबरवते. त्यापेक्षा तिला पत्र टाक आणि विचार, तू कशी आहेस. दीड वर्षात एकदा तरी विचारलं असशील तर मला सांग, मी माझे शब्द मागे घेईन.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तू मला एका ओळीचं पत्र पाठवलंस: 'ती कुठे आहे ते कळव.' या ओळीला मी सविस्तर उत्तर देणार आहे. खाली बसून वाच.

पहिल्यांदा, ती पळून गेलेली नाही. तुझ्या सुट्टीची वाट न बघता, दिवसाढवळ्या, पिशवी हातात घेऊन, आईला समोर बसवून सांगून गेली. "परीक्षा पास झाले. नोकरी मिळाली. ह्यांना मी स्वतः लिहिणार आहे, तुम्ही काही लपवू नका." आईनं मला फोन केला, तुला नाही. पहिला फोन मला केला, हे मी मुद्दाम लिहितेय.

आता सांगते नोव्हेंबरच्या त्या रविवारी काय झालं. तेव्हा मी तुझ्यापासून लपवलं.

मी आईकडे गेले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर आई टेबलाशी उभी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टेबलावर दोन पुस्तकं. एक बिनकव्हराचं, ते तिनं बाजूला सारलं. दुसऱ्याला माझं खाकी कव्हर. ते कव्हर तिनं अलगद सरकवलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत नाव वाचायला लागली. मध्ये अडली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या मुलीसारखी. मी बघतच राहिले.

"आई, हे काय चाललंय?"

ती दचकली, पण लपवालपवी केली नाही. म्हणाली, "त्याला सांगायचं असतं रविवारी. तूच नाही का त्याला लिहिलंस, कव्हर असतं ते भानगडीचं असतं म्हणून? तो म्हणाला, आई, तेवढंच बघत जा. बाकीच्याला हात लावू नको. नाहीतर एवढी पुस्तकं मला कुठे वाचता येतात गं?"

माझ्या पत्रातून. मी तुला अभिमानानं लिहून पाठवलं होतं, आणि तू त्यातून नेमकं तेवढंच उचललंस. मी छापखान्याची खुर्ची उचलली, कॉम्प्युटरवाल्याची पिशवी उघडली, आणि खूण मीच घालून देत होते, माझ्या हातानं, कागद नीट दुमडून. रस्त्यातल्या लोकांपासून झाकायला कव्हर होतं. घरातल्या माणसाला ते बोट दाखवत होतं की हे बघ.

आईला ओरडणार होते. पण ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ती गेली तर मी या घरात एकटी. तू तुझ्या खोलीत, तो डोंगरात. मला कोण गं?" मी चहा केला, दोघी प्यायलो, आणि मी घरी आले. तुला लिहिलं की आई बरी आहे.

दुसऱ्या दिवशी तुझी बायको काउंटरवर आली, कव्हरातलं पुस्तक परत द्यायला. तिला ते वाचता आलं नव्हतं. रविवारी तुझा फोन झाल्यावर आईनं ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं, परत करायला म्हणून तेवढं काढून दिलं. मी तिच्याशी काही बोलले नाही, आसपास माणसं होती. तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, कव्हर काढलं, ते कव्हर ससेपालनाला घातलं आणि तिच्यापुढे ठेवलं. मग तिचं पुस्तक, फुगलेल्या पुस्तकाच्या जागी मागवलेली नवी प्रत, उघडंच्या उघडं तिच्या दुसऱ्या हातात दिलं. तिनं आधी सशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हसली. लग्न होऊन तुझ्या घरी आली तेव्हापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. काउंटरवर हात टेकून हसली.

मग महिनाभर तुला आईनं कळवलेली सगळी पुस्तकं मी निवडलेली होती. ससे, मधमाश्या, होड्या. होडीचं निवडताना मला फार मजा आली, कबूल करते. आणि परीक्षेचं पुस्तक तुझ्या घरात जेवणाच्या टेबलावर उघड्यावर पडून होतं, नाव वर करून. आईनं त्याला हात लावला नाही, तूच सांगितलं होतंस ना. एकदा मी गेले तर त्यावर आमटीचं गरम भांडं ठेवलेलं. मुखपृष्ठाला गोल डाग पडलाय, तो मी पुसणार नाही.

खोटं बोलले ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. वाचकाचं गुपित राखणं हे माझं काम आहे, त्यासाठी मला पगार मिळतो. तुला सशांच्या मागे पळवणं हे काही कामात बसत नाही. ते मी तिच्यासाठी केलं. आणि थोडं तुझ्यावरच्या रागानं केलं. साहेबांना मी हे सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, यापुढे कव्हर एक तर सगळ्यांना घालायचं, नाही तर कोणालाच नाही." या माणसाला मी कमी लेखत होते. आता वाचनालयात कोणत्याच पुस्तकाला कव्हर नाही.

आता तुझी ओळ. ती कुठे आहे?

जायच्या आधी ती मला भेटायला आली होती. मी विचारलं, "कुठे निघालीस? मला तरी सांग." एवढं सगळं केल्यावर मला वाटलं, मला ती सांगेलच.

ती खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. पण तुम्ही ह्यांच्या बहीण आहात."

मला ते लागलं. इतकं लागलं की ती गेल्यावर मी पुस्तकांच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. मी तिच्यासाठी आईला फसवलं, तुला फसवलं, आणि तिचा माझ्यावर विश्वास नाही! मग डोळे पुसता पुसता म्हटलं, का असावा? तिची पुस्तकं तुझ्यापर्यंत पोचली ती माझ्याच पत्रातून. आणि आई आता माझ्याकडे राहायला आलीय, हे तुला ठाऊक नसेल. रोज जेवताना विचारते, "कुठे असेल गं ती? जेवली असेल का?" आईनं डोळ्यात पाणी आणलं की मी विरघळते, हे लहानपणापासून तुला पाठ आहे. मला माहीत असतं तर एखाद्या दिवशी मी तिला सांगून बसले असते, आणि रविवारी ते तुला कळलं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तेच शहाणपणाचं केलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. परवा साहेब एक कागद घेऊन माझ्या काउंटरशी आले. कुठल्याशा गावच्या वाचनालयानं विचारलं होतं की आमच्याकडे नव्यानं आलेल्या या सभासदाकडे तुमचं एखादं पुस्तक राहिलंय का. साहेबांनी नाव वाचून दाखवलं, ते तिचं होतं. खाली माझी सही लागते, कारण काउंटर माझं.

म्हणजे ती जिथे गेली तिथे पोचल्या पोचल्या वाचनालय शोधलं तिनं. धाकट्या, मला काय वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही.

कागदाच्या डोक्यावर त्या वाचनालयाचा पत्ता छापलेला असणार. गाव, रस्ता, सगळं. मी मान फिरवली आणि म्हटलं, "साहेब, वरच्या भागावर हात ठेवा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग आपला मोठा पंजा कागदाच्या डोक्यावर पसरून ठेवला, बोटं जुळवून, आणि म्हणाले, "झाकलंय. वळा." मी वळले. 'काही बाकी नाही' असं लिहिलं आणि सही केली. साहेबांनी हात न उचलता कागद तसाच सरकवून लिफाफ्यात घातला, चिकटवला, आणि पत्ता लिहायला आपल्या खोलीत गेले.

माझ्या इतक्या जवळ होतं ते. मान फिरवायला क्षणभर उशीर केला असता तर दिसलं असतं. सही होईपर्यंत मी पेनाच्या टोकावरून नजर काढली नाही. तुझी बहीण आहे म्हणून काढली नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मला माहीत नाही. तू म्हणशील, ताई खोटं बोलतेय. म्हण. महिनाभर माझं खोटं तू खरं मानलंस. आता हे खरं खोटं मान, माझी हरकत नाही.

तिचं पत्र तुला येईल. ती लिहिणार म्हणाली म्हणजे लिहील. त्यावर पत्ता नसेल. ते वाच, आणि या वेळी आणखी कोणाला काही विचारू नकोस.

ताई